लॉजचा मास्टर: हातोडी त्याच्या हातात, चेंडू सभासदांच्या

फ्रीमेसन म्हणजे गवंड्यांच्या जुन्या संघांवरून नाव आणि चिन्हं घेतलेली एक बंधुसंघटना, आणि लॉज म्हणजे तिची शाखा. प्रश्न असा आला आहे: फ्रीमेसन लॉजचा मास्टर त्या खुर्चीपर्यंत पोहोचतो कसा? त्याच्या हातात खरी सत्ता किती, की सगळा नुसता मानाचा मामला? आपल्याकडच्या एखाद्या लॉजप्रमुखानं त्या पदावरून काही बदलून दाखवलंय का? विचारणाऱ्या गृहस्थांना एका स्नेह्यानं लॉजमध्ये येण्याबद्दल सुचवलंय. वय पंचेचाळीस. 'आता सुरुवात करून मी कधी मास्टर होईन का?' असंही त्यांनी शेवटी हळूच विचारलंय.

मी त्या खुर्चीत बसून उठलेला माणूस आहे. नंतर सेक्रेटरीचं काम केलं आणि हल्ली नव्या ऑफिसरांची रिच्युअलची, म्हणजे लॉजमधल्या विधींची, तालीम घेतो. ओळखीच्या खुणा आणि परवलीचे शब्द मी सांगणार नाही. ते सोडलं तर यात लपवण्यासारखं फारसं काही नाही. लोकांना वाटतं तेवढी गूढ मजा आत असती, तर पावसाळ्यातल्या मीटिंगला हजेरी जरा बरी लागली असती.

मास्टर म्हणजे पुजारी नव्हे नि कुणाचा गुरूही नव्हे. एका वर्षासाठी निवडलेला अध्यक्ष, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या एका वर्षामागं सहा-सात वर्षांची चाकरी असते आणि पुढं उरलेलं आयुष्य असतं. बाहेरच्यांना फोटोतला पट्टा आणि एप्रन तेवढे दिसतात.

आधी चाकरीबद्दल. माणूस आत आला की तीन डिग्र्या होतात: एन्टर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन. इथं बरेच जण फसतात. 'मास्टर मेसन' ही डिग्री आहे, ती बहुतेकांना मिळते. 'लॉजचा मास्टर' हे पद आहे. तिसरी डिग्री झाल्यावर ज्याला पुढं जायचंय तो रांगेत लागतो. सगळ्यात खाली स्टुअर्ड. मीटिंगनंतरच्या जेवणात वाढणं, ग्लास भरणं, पाहुण्याला कोपऱ्यात एकटं बसू न देणं हे त्याचं काम. मग इनर गार्ड, म्हणजे दाराच्या आतला पहारेकरी. मग ज्युनिअर डीकन, सीनिअर डीकन, त्यानंतर ज्युनिअर वॉर्डन, सीनिअर वॉर्डन आणि शेवटी मास्टर. साधारण एकेका पायरीला एकेक वर्ष. नियमाला मात्र एवढं सगळं लागत नाही. वॉर्डन म्हणून एक वर्ष काढलं असलं की मास्टरकीसाठी माणूस पात्र ठरतो. बाकीची रांग रिवाजाची आहे, आणि रिवाज नियमापेक्षा चिवट असतो हे कुठल्याही सोसायटीच्या कमिटीत बसलेल्याला सांगायला नको.

या रांगेतली माझी आवडती जागा डीकनची. नवा माणूस पहिल्यांदा आत येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांवर पट्टी असते. त्याचा हात डीकनच्या हातात. तो मनुष्य बाहेर कंपनीचा डायरेक्टर असेल नाहीतर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, आत त्याचा तळहात घामानं ओला झालेला असतो. कुठं पाऊल टाकायचं, कधी थांबायचं, विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे डीकन त्याच्या कानाशी हळू सांगत असतो. चांगल्या डीकनचा आवाज तीन फुटांपलीकडं जात नाही. वाईट डीकन घाई करतो, हात खेचतो आणि समोरचा धडपडतो. तालमीत मी नव्यांना एकच सांगतो: तुम्हाला पाठ आहे की नाही हे त्याला कळत नाही, तुमचा हात शांत आहे की नाही हे कळतं. पुढं कोण कसला मास्टर होणार ते मला बहुतेक वेळा इथंच दिसतं.

मग पाठांतर. मास्टरला पानंच्या पानं तोंडपाठ लागतात, आणि तीही दीड-दोनशे वर्षं जुन्या वळणाच्या इंग्रजीत. कागद बघून वाचायचं नसतं. मुंबईत लोकल ट्रेनमध्ये ओठ हलवत बसलेले आमचे कित्येक जण सहप्रवाशांना जप करणारे वाटले असतील. खुर्चीत बसल्यावर डाव्या हाताला आदल्या वर्षीचा मास्टर बसतो. त्याचं अर्धं काम म्हणजे नव्याचा शब्द अडला की तो पुरवणं. तोही केव्हा पुरवायचा याला अक्कल लागते. मास्टर अर्थपूर्ण विराम घेत असताना प्रॉम्प्ट आला की सगळी रया जाते.

खुर्चीवर बसवण्याच्या समारंभाला इन्स्टॉलेशन म्हणतात. त्यातला एक भाग असा असतो की ज्यांनी कधीच ती खुर्ची भूषवली नाही त्यांना बाहेर जायला सांगतात, आणि फक्त आजी-माजी मास्टरांसमोर नव्या माणसाला बसवलं जातं. गळ्यात पट्टा येतो, त्याला काटकोन्या लटकलेला असतो. सीनिअर वॉर्डनच्या पट्ट्याला समपातळी पाहायचं हत्यार, ज्युनिअरच्या पट्ट्याला ओळंबा. गवंड्याच्या पेटीतली ही हत्यारं आमच्याकडं पदचिन्हं होऊन बसली आहेत. मास्टर पूर्वेला बसतो, सीनिअर वॉर्डन पश्चिमेला, ज्युनिअर दक्षिणेला. एप्रनवर आधी असलेल्या फुलांच्या जागी उलट्या 'टी'च्या आकाराच्या तीन चकाकत्या खुणा येतात, त्यामुळं जुन्या फोटोत आजी-माजी मास्टर कोण ते एप्रनवरून ओळखता येतं. घरात आजोबा-पणजोबांचा असा फोटो असेल तर आधी तिथं बघा.

आता सत्तेचं. हातात छोटी हातोडी. ती वाजली की सगळे गप्प. कामकाजाचा क्रम तो ठरवतो, बोलायची परवानगी तो देतो, नियमाबाहेरचा ठराव मांडूच देत नाही, मतं समसमान पडली तर निर्णायक मत त्याचं. आमच्या पद्धतीत खजिनदारासारखी एखाददुसरी जागा निवडणुकीची, बाकीचे ऑफिसर तो नेमतो. त्याचा निर्णय पटला नाही तर ग्रँड लॉजकडं, म्हणजे सगळ्या लॉजेसवरच्या संस्थेकडं, दाद मागता येते, पण मीटिंगमध्ये वाद घालता येत नाही. धर्म आणि राजकारण या दोन विषयांवर तिथं बोलायचंच नाही, आणि तसं कुणी वळलं तर हातोडी आपटायची जबाबदारी मास्टरची. ऐकायला छोटा बादशहाच वाटतो.

पण एक गोष्ट त्याच्या हातात नाही. आत कोण येणार.

नवा अर्ज आला की गुप्त मतदान होतं. लाकडी पेटी फिरते. समोर हात आत घालायला भोक, आत दोन कप्पे. एकात टाकलेला चेंडू 'हो'चा, दुसऱ्यातला 'नाही'चा. मनगटापर्यंत हात आत गेला की तो कुठं वळला हे शेजाऱ्यालाही दिसत नाही. काही ठिकाणी पांढरे आणि काळे चेंडू वेगवेगळे असतात. मूळ इंग्रजी नियमांप्रमाणं तीन काळे पडले की अर्ज संपला, आणि लॉजनं स्वतःच्या उपनियमात ठरवलं असेल तर दोन किंवा एकही पुरतो. कारण विचारायचं नाही, कुणी टाकला याचा शोध घ्यायचा नाही. मास्टरलाही एकच चेंडू. पेटी उघडून तो आत बघतो, आणि जे असेल ते जाहीर करतो. आपण ज्याला वर्षभर हिंडून तयार केलं, त्याच्या नावावर काळं पडलेलं बघून चेहरा जराही न बदलता पुढच्या विषयाकडं जाणं हे मास्टरकीतलं सगळ्यात अवघड काम आहे. पाठांतर त्यामानानं पोरखेळ.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच पेटीपाशी येतं. मुंबईत एका माणसानं या पेटीवर मात केली. तो म्हणजे डॉ. जेम्स बर्न्स.

बर्न्स स्कॉटलंडातल्या माँट्रोजचा, जन्म १८०१. कवी रॉबर्ट बर्न्सच्या भाऊबंदांतलं घर. पेशानं डॉक्टर, १८२१ मध्ये धाकटा भाऊ अलेक्झांडर याच्यासोबत हिंदुस्थानात आला. अलेक्झांडर पुढं बुखाऱ्यापर्यंतच्या प्रवासामुळं गाजला आणि १८४१ च्या नोव्हेंबरात काबूलला, चार्ल्स या आणखी एका भावासह, मारला गेला. जेम्स मात्र औषधांच्या पेटीबरोबर राहिला. कच्छात भुजच्या रेसिडेन्सीचा सर्जन असताना सिंधच्या अमिरांनी त्याला उपचारांसाठी बोलावून घेतलं, आणि त्या दरबाराचं वर्णन त्यानं पुस्तक लिहून छापलं. त्या काळात कंपनीच्या माणसाला सिंधमध्ये सहजासहजी पाय ठेवू देत नसत, वैद्याला दिला. माणसाच्या उंबऱ्याआत जाण्याची कला त्याला तिथंच साधली असावी असं मला वाटतं, अर्थात हा माझा तर्क.

१८३६ मध्ये, तो रजेवर मायदेशी असताना, स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजनं त्याला पश्चिम हिंदुस्थानचा प्रोव्हिन्शिअल ग्रँड मास्टर नेमलं. हे पद म्हणजे एका लॉजचं नव्हे, प्रांतातल्या सगळ्या लॉजेसवर देखरेखीचं. गंमत अशी की देखरेख करायला त्याच्याकडं लॉजच नव्हतं. मुंबईत जी होती ती इंग्लंडच्या सनदेची. राज्याशिवाय राजा! १ जानेवारी १८३८ ला त्यानं प्रांतिक ग्रँड लॉज उभं केलं आणि कामाला लागला. मुंबईत इंग्रजी बाजूला प्रांतिक प्रमुख कुणी नव्हता, ही त्याच्या पथ्यावर पडलेली गोष्ट. माणसं त्याच्याकडं वळत गेली. 'पर्सिव्हिअरन्स' नावाचं इंग्रजी सनदेचं लॉज तर सामानसुमान, दागदागिने यांसकट उठून स्कॉटलंडच्या छत्राखाली आलं. मुंबईतली इंग्रजी मेसनरी मग जवळपास झोपीच गेली. १८४८ मध्ये 'सेंट जॉर्ज' लॉज निघालं तेव्हा कुठं ती पुन्हा जागी झाली.

स्तुती करणारे इथं त्याच्या गोड स्वभावाबद्दल लिहितात. असेलही. पण दुसऱ्याचं अख्खं लॉज उचलून आणणं हे नुसत्या गोडव्यानं होत नाही, त्याला मुरलेलं राजकारण लागतं. किताबांचीही त्याला आवड होती. हॅनोव्हरच्या राजघराण्याचा 'गेल्फिक ऑर्डर'चा नाइट झाल्यावर तो 'शेव्हालिए (फ्रेंचमध्ये नाइट) बर्न्स' म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि टेम्पलर नाइटांच्या, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती योद्धा-संघाच्या, इतिहासावर त्यानं पुस्तकही लिहिलं.

आता पेटी. मुंबईत माणेकजी कर्सेटजी नावाचे पारशी गृहस्थ होते. पुढं स्मॉल कॉजेस कोर्टाचे न्यायाधीश झाले, आणि १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली तीही त्यांनीच. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत पहिला हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, सभासद म्हणून १८४० च्या सुमारास त्यांनी प्रवेश मिळवला होता. म्हणजे बंद दारांवर टकटक करायची सवय जुनी. त्यांना फ्रीमेसन व्हायचं होतं. बर्न्सचा पाठिंबा होता. तरी मुंबईतल्या गोऱ्या लॉजनं घेतलं नाही. प्रांतप्रमुख बाजूनं, आणि पेटी विरुद्ध!

माणेकजींनी मग युरोप गाठला आणि पॅरिसमध्ये एका फ्रेंच लॉजमध्ये दीक्षा घेतली. परत आल्यावर ते रीतसर मेसन होते, आता नुसतं सभासदत्व जोडून घ्यायचं होतं. मुंबईत तरीही नकार.

इथं बर्न्सची खरी परीक्षा होती. लॉजला हुकूम सोडून एखाद्याला आत घ्यायला लावता येत नाही. तसं केलं असतं तर स्वतःच्याच माणसांनी त्याला पाडलं असतं, आणि मतदानाचा मूळ नियमही मोडला असता. काळ्या चेंडूचं कारण विचारायला बंदी. मग उरलं काय? लॉज काढायची सनद. ती द्यायला प्रांतप्रमुख मुखत्यार होता. १८४३ च्या डिसेंबरात त्यानं मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे नवं लॉज काढलं, स्कॉटलंडच्या यादीत क्रमांक ३४२. खास हिंदी सभासदांना घेण्यासाठी. माणेकजी तिथं आले, पाठोपाठ पारशी आले, मुसलमान आले. जुन्या पेटीला हात न लावता त्यानं नवी पेटी आणून ठेवली.

मी नव्या मास्टरांना ही गोष्ट सांगतो ती बर्न्सच्या थोरवीसाठी नाही. आपल्या अधिकाराची कुठली बाजू भिंत आहे आणि कुठल्या बाजूला दार आहे, हे त्याला नेमकं ठाऊक होतं म्हणून सांगतो. बहुतेक मास्टर वर्षभर भिंतीला डोकं आपटतात. न पटणाऱ्या सभासदाला बदलायला जातात, जेवणाच्या खर्चावरून जुन्यांशी भांडतात. आणि ज्या गोष्टी खरोखर त्यांच्या हातात असतात, म्हणजे कुणाला कुठल्या जागी नेमायचं, कुणाला तालमीला बोलवायचं, कुठल्या अर्जदाराची आधी घरी जाऊन नीट ओळख करून घ्यायची, त्या राहून जातात.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. बर्न्सनं घरात घेतलं खरं, पण पंगत वेगळी मांडली. 'पर्सिव्हिअरन्स'मधल्या ज्या साहेबांना माणेकजी शेजारी नको होते, त्यांना रायझिंग स्टारमुळं काहीच बदलावं लागलं नाही. त्यांची पेटी तशीच राहिली. वेगळं लॉज काढून त्यानं त्यांची अडचण सोडवली, असंही म्हणता येईल. तरी मी बर्न्सच्या बाजूनं झुकतो, कारण एकदा रीतसर मेसन झाला की तो दुसऱ्या लॉजेसमध्ये पाहुणा म्हणून जाऊ शकतो. बाकीचं काम मग पाहुणचार करतो, जरा हळू करतो इतकंच.

आणि वीसेक वर्षांनंतरही हिंदुस्थानात उलटं काय घडू शकत होतं ते कलकत्त्याकडं बघून कळतं. तिथं प्रसन्नकुमार दत्त नावाच्या व्यापाऱ्यानं १८६३ मध्ये अर्ज केला. तिथल्या नियमाप्रमाणं हिंदी माणसाला घ्यायचं तर प्रांतिक मास्टरची परवानगी आधी लागे. म्हणजे मतपेटीपर्यंत जायच्या आतच प्रमुखाच्या टेबलावर अर्ज अडायचा. हिंदूंचा एका ईश्वरावर विश्वास आहे का, जातीची बंधनं पाळणारा बंधुभाव कसा पाळणार, असे मुद्दे निघाले. वास्तविक १७२३ च्या मूळ नियमावलीतच म्हटलंय की ज्या धर्मावर सगळ्या माणसांचं एकमत आहे तेवढाच आम्हाला पुरे. दत्तांनी चिकाटी सोडली नाही. लंडनपर्यंत पत्रव्यवहार करून शेवटी १८७२ मध्ये 'अँकर अँड होप' लॉजमध्ये त्यांचा प्रवेश झाला. नऊ वर्षं! त्याच लॉजमध्ये बारा वर्षांनी, १९ फेब्रुवारी १८८४ ला, नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण दीक्षा घेऊन गेला, जो पुढं विवेकानंद म्हणून जगाला माहीत झाला. मुंबईत प्रमुखानं दार काढलं, कलकत्त्यात प्रमुखांनी उंबरा वाढवला. पद तेच.

बर्न्स १८४६ मध्ये सगळ्या हिंदुस्थानातल्या स्कॉटिश मेसनांचा प्रमुख झाला, १८४९ मध्ये नोकरीतून निवृत्त होऊन परत गेला आणि १८६२ मध्ये वारला. रायझिंग स्टारच्या हिंदी सभासदांनी त्याच्या सन्मानार्थ एक पदक पाडून घेतलं होतं, इंग्लंडातल्या नाणी आणि पदकं कोरणाऱ्या प्रसिद्ध वायन घराण्यातल्या कारागिराकडून. मला ते पदक त्याच्या नाइटच्या किताबापेक्षा मोलाचं वाटतं.

आता मास्टरकी संपल्यानंतरचं आयुष्य, कारण 'करिअर' म्हणावं असं जे काही आहे ते तिथंच. एक वर्ष, फार तर दोन, आणि माणूस खुर्चीवरून उतरतो. दुसऱ्या दिवसापासून हातोडीला हात लावायचा नाही. काहींना हे झेपत नाही. माजी मास्टरांच्या रांगेत बसून प्रत्येक चुकीला हुंकार देणारे दोन-तीन जण बहुतेक लॉजमध्ये असतात. नवा बिचारा त्यांच्याकडं बघून अजून चुकतो. पण शहाणे माजी मास्टर असतात ते लॉज चालवतात. कुणी आल्मनर होतो, म्हणजे आजारी सभासदाची, निधन पावलेल्याच्या बायकोची चौकशी करणारा. कुणी ट्रेझरर, कुणी तालीम घेणारा. सेक्रेटरी तर लॉजचा कणा. मीटिंगची नोटीस, वर्गणीची वसुली, ग्रँड लॉजचे रिटर्न भरणं हे सगळं त्याच्याकडं. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये आला तेव्हा वीस वर्षांचा होता, वयात सवलत देऊन घेतला, कारण लॉजला चांगला सेक्रेटरी हवा होता. लिहिता येणारा माणूस दिसला की सेक्रेटरीचं दप्तर त्याच्या गळ्यात, हा रिवाज तेव्हापासून आजपर्यंत अबाधित आहे. तुम्ही प्रश्न इतका व्यवस्थित लिहिलाय की मला तुमची आत्ताच काळजी वाटते.

लांब पल्ल्याचं उदाहरण हवं तर खरशेदजी रुस्तमजी कामा. १८५४ मध्ये रायझिंग स्टारमध्ये आले. पुढच्या वर्षी दादाभाई नौरोजींबरोबर लंडनला पेढी काढायला गेले, मग व्यापार बाजूला ठेवून पॅरिस आणि जर्मनीतल्या पंडितांकडं अवेस्ता-पहलवी शिकले, मुंबईत परतून पारशी तरुणांना त्या भाषा शिकवू लागले. फोर्टातली कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची. या सगळ्यात मेसनरी सुटली नाही. त्यांच्या मेसनरीतल्या पन्नास वर्षांनिमित्त जीवनजी जमशेटजी मोदी यांच्या संपादनाखाली १९०७ मध्ये गौरवग्रंथ निघाला. आणि त्याच १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या सूनबाई मादाम भिकाजी कामा यांनी जर्मनीत स्टुटगार्टला हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. सासरे जिथं पन्नास वर्षं गेले तिथं राजकारण बोलायला बंदी, सूनबाईंचं आयुष्यच राजकारण. त्या घरातलं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं ऐकायला मिळायला हवं होतं.

मेसनरीत वर चढायच्या शिड्या अजूनही आहेत. २४ नोव्हेंबर १९६१ ला दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं, रामपूरचे नवाब रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर. काही जुन्या लॉजेसनी इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड यांच्याच सनदा ठेवल्या, म्हणून आजही एकाच हॉलमध्ये वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या सनदांची लॉजेस भरतात. भारतीय ग्रँड लॉजच्या खाली चार प्रादेशिक ग्रँड लॉजेस आहेत, पश्चिमेचं मुंबईत. माजी मास्टरला तिथं पदं मिळतात, पट्टा आणखी रुंद होतो, आणि काही जणांचं तेवढ्यावरच समाधान होतं. आमच्या वेदीवर गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथ साहिब आणि अवेस्ता असे ग्रंथ एकत्र मांडलेले असतात. पट्टा कितीही रुंद असला तरी ज्याला त्याला आपापल्या ग्रंथावर शपथ घेताना शेजारी उभं राहणं, हे काम मला त्यात सगळ्यात आवडतं.

आता तुमचा हळूच विचारलेला प्रश्न. पंचेचाळीस हे वय मुळीच उशिराचं नाही. आमच्यात बरेच जण मुलं मोठी झाल्यावरच येतात. रांग सात-आठ माणसांची असेल तर पंचावन्नच्या आत खुर्ची मिळू शकते. लॉज छोटं असेल तर त्याआधीही, कारण मधल्या जागा रिकाम्या असतात. मोठ्या, जुन्या लॉजमध्ये कदाचित कधीच नाही. म्हणून अर्ज करण्याआधी त्या स्नेह्यांना तीन गोष्टी विचारा. मीटिंग महिन्याच्या कुठल्या वारी आणि किती वाजता सुरू होते. उत्तर 'सोमवारी सहाला' असेल आणि तुम्ही ठाण्याहून येणार असाल तर निघण्याचा हिशेब आधीच करा. वर्गणी, रेगॅलिया (पट्टा, एप्रन वगैरे) आणि जेवणाचा धरून वर्षाचा खर्च किती. तो घरखर्चाला आणि जबाबदाऱ्यांना धक्का न लावता परवडला पाहिजे, हे आमच्याकडं प्रवेशाआधीच विचारलं जातं. आणि तिसरं, गेल्या पाच वर्षांत मास्टर कोण कोण होते आणि ते आज काय करतात. पाचापैकी तिघं-चौघं अजून नियमानं येत असतील, कुणी तालीम घेत असेल, कुणी आल्मनर असेल, तर बेलाशक अर्ज भरा. पाचही जण खुर्ची सोडून गायब झाले असतील, तर दुसरं लॉज बघा.

आणखी एक. मुलाखतीला तुमच्या घरी दोन-तीन जण येतील, पत्नीलाही भेटतील, त्यांची हरकत नाही ना हे विचारतील. तिथं मास्टर व्हायची इच्छा बोलून दाखवू नका. मनात असेल तर स्टुअर्डच्या वर्षात ती आपोआप दिसते.